मेल्यांनो, परत आलात होय!

वैजयंतीबाई भिंगारे यांच्या जास्वंदीवरचा शेवटचा पिठ्या ढेकूण चिंचोली फाट्याच्या बसस्थानकात, फलाट क्रमांक दोनवर, भर दुपारी मरण पावला. मरतेवेळी त्याच्याजवळ तीन माणसं होती. एकानं टोपी काढली. एकीनं नाक पुसलं. तिसऱ्यानं माइक हातात घेऊन प्रवाशांना दोन मिनिटं स्तब्ध राहण्याची विनंती केली, ती कुणीही ऐकली नाही.

यातलं काहीही घडलेलं नाही. घडणं शक्यच नव्हतं. नागरी कीडनिर्मूलन प्राधिकरणानं नाशिक शहर त्याआधीच कीडमुक्त घोषित केलं होतं, आणि कीडमुक्त शहरातल्या कुंडीत ढेकूण असणं कायद्यानं अशक्य होतं. जो कायद्यानं नव्हताच, तो मरेल कसा? तेव्हा तो मेला नाही, टोपी निघाली नाही आणि नाकही पुसलं गेलं नाही, असं धरून आपण पुढं जाऊ.

ऋजुता भिंगारेसुद्धा तसंच धरून चालली होती. तिची नोकरीच तशी होती. ती लोकांच्या घरी जाऊन झाडांना ‘चाहूल’ बसवायची.

चाहूल म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी चकती. चिमट्यानं झाडाच्या खोडाला लावायची आणि विसरून जायचं. शास्त्र तसं सोपं आहे. अळी पान कुरतडते तेव्हा त्या कुरतडण्याची थरथर पानातून देठात, देठातून खोडात पसरते. झाडाला कान नसतात, पण ही थरथर त्याला कळते. वाऱ्यानं हललेलं पान आणि दातांनी हललेलं पान यांतला फरक झाड बरोब्बर ओळखतं, आणि उरलेल्या पानांत कडू रसायनं सोडतं. पाहुण्याला पुढचा घास कडू लागतो आणि तो शेजाऱ्यांकडे जेवायला जातो. एका संशोधक बाईंच्या मनात आलं, की अळी नसताना नुसती तिची थरथर झाडाला ऐकवली तर? ऐकवली. झाड फसलं. मग मावा, फुलकिडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, जो जो म्हणून झाडाला तोंड लावतो त्याची बारीकशी हालचाल त्या चकतीत भरली गेली, आणि शहरातली यच्चयावत झाडं रात्रंदिवस कडू होऊन बसली. किडे उपाशी मेले. फवारणी नाही, विष नाही, वास नाही.

वास नाही हे जरा जास्तच खरं ठरलं. सतत धास्तावलेलं झाड फुलांच्या भानगडीत पडत नाही, असेल नसेल ती ताकद बंदोबस्तावर खर्च करतं. मोगरे हिरवेगार झाले आणि फुलायचे थांबले. लोक गणपतीला कागदाची जास्वंद वाहू लागले. गणपतीनं तक्रार केली नाही, त्यामुळे चाहूल बनवणाऱ्या कंपनीनं ते ग्राहकांच्या समाधानात धरलं.

दिवसभर दुसऱ्यांच्या बाल्कन्यांत चाहुली लावून ऋजुता संध्याकाळी घरी यायची. आणि तिच्याच घरच्या बाल्कनीत, सौगंधिका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर, एक बिनचाहुलीची जास्वंद होती.

ती आईची. देशी, लालभडक, एकेरी पाकळ्यांची. आई जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि अप्पांनी, म्हणजे ऋजुताच्या वडिलांनी, त्या झाडाला चकती लावू दिली नव्हती.

“तिच्या झाडाला भीती घालायची नाही,” असं ते म्हणाले होते, तेही घोषणेच्या सुरात. शशिकांत भिंगारे जन्मभर बसस्थानकावर उद्घोषक होते. निवृत्त झाले तरी तोंडातला माइक गेला नव्हता. जेवायला बसल्यावर ते “आमटी फलाटावर लागली आहे का?” असं विचारत. आई “लागलीय, पण सुटायला उशीर आहे” असं म्हणायची. ऋजुताला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं बोलतात.

*

भानगडीला सुरुवात झाली ती एका मुंगीमुळे. सोसायटीचे सेक्रेटरी दाभाडे ती मुंगी काचेच्या ग्लासाखाली झाकून वर घेऊन आले.

“भिंगारे, ही तुमची मुंगी.”

“कशावरून आमची?” अप्पा म्हणाले. “तिच्यावर नाव आहे?”

“लिफ्टमधून तिसऱ्या मजल्यावर उतरली. मी स्वतः तिच्याबरोबर होतो.” दाभाड्यांनी ग्लास टीपॉयवर ठेवला. “झाडावर चिकटा असल्याशिवाय मुंगी वर चढत नाही. आणि ढेकूण असल्याशिवाय चिकटा होत नाही. ऋजुता, तू तर या खात्यातली. तू सांग.”

ऋजुता बाल्कनीत गेली. जास्वंदीच्या शेंड्यांना, कळ्यांच्या बेचक्यांत, पानांच्या मागं, कुणी कापूस पिंजून चिकटवावा तसे पांढरे पुंजके होते. कळ्या पिवळ्या पडून गळत होत्या. खालच्या पानांवर काजळी धरली होती. वर्षभरात तिनं एकदाही नीट पाहिलं नव्हतं. जे झाड पाहिलं की आई दिसते, त्याच्याकडे माणूस जरा तिरकाच बघतो.

“अप्पा, हे कधीपासून?”

“आहेत थोडे. घरचेच आहेत.”

“येत्या तपासणीला प्राधिकरणाची गाडी येणार,” दाभाडे म्हणाले. “एक जरी ढेकूण दिसला, तर कुंडीसकट झाड भट्टीत. आणि सोसायटीचा कीडमुक्त फलक काढून नेतील. तो लावताना मी नारळ फोडलाय.” मग जरा मऊ होऊन म्हणाले, “वैनींचं झाड आहे, कळतं मला. म्हणून तर सांगायला आलो. एक चकती लावून टाका की.”

दाभाडे गेले. मुंगी राहिली. अप्पांनी ग्लास उचलून तिला मोकळं केलं, ती निमूट बाल्कनीकडे गेली. रस्ता पाठ होता.

“लावते मी चकती,” ऋजुता म्हणाली. “पिशवीत आहेत माझ्या.”

“मग फूल येईल?”

ऋजुतानं पिशवीकडे नेलेला हात मागं घेतला. अप्पा म्हणाले, “तिच्या हातचं बाकी काय राहिलंय गं? लोणचं होतं, तेही संपलं. बरणी धुतली नाही मी अजून.”

मग दोघांनी मिळून आईचाच इलाज केला. साबणाचं पाणी, जुना टूथब्रश आणि फडकं. ऋजुतानं शेंडान् शेंडा घासला. आठवड्याभरात पुंजके पुन्हा हजर. पुन्हा घासलं. पुन्हा हजर. पिठ्या ढेकणाची अंडी सालीच्या फटीत बसतात, तिथवर ब्रश पोचत नाही. निंबोळीचा अर्क आणावा म्हटलं, तर कीडच नाही म्हणून तो विकणारी दुकानं कधीच बंद झालेली. एके ठिकाणी आता मोबाईलची कव्हरं मिळत होती, तीही पानाच्या आकाराची.

“आई करायची तेव्हा कसे जायचे मग?” ऋजुता वैतागून म्हणाली. “हाच ब्रश, हाच साबण.”

“तुझी आई नुसतं घासत नव्हती. बोलायची.”

“काय बोलायची?”

“तुला काय माहीत नाही?” अप्पा हसले. मग त्यांनी कमरेवर हात ठेवला, मान वाकडी केली आणि आवाज चढवून म्हणाले, “मेल्यांनो! परत आलात होय! एकेकाला अंघोळ घालते आता!”

नक्कल अगदीच सुमार होती. आई म्हणण्यापेक्षा घसा बसलेला कंडक्टर वाटला. पण ऋजुता हसली नाही. तिनं कामावरचा कडूमापक सहज म्हणून झाडाला लावून ठेवला होता. पानात किती कडू रस उतरलाय ते त्यावर आकड्यात दिसतं. इतका वेळ मेल्यासारखा पडलेला आकडा किंचित वर सरकला होता.

“अप्पा, परत म्हणा.”

“मेल्यांनो, परत आलात होय!”

आकडा पुन्हा सरकला. अगदी थोडा. ओळखीचं कुणीतरी रस्त्याच्या पलीकडून गेल्यासारखं वाटावं आणि नीट बघितलं तर ते दुसरंच कुणी निघावं, तेवढाच.

*

ऋजुता त्या दिवशी जेवतानाही बोलत होती. “बघा, झाडाला सवय लागते. ढेकूण झाडात सोंड खुपसतो. त्याच सुमारास आई यायची, ओरडायची, ब्रशानं गदागदा हलवायची. एकदा नाही, वर्षानुवर्षं. झाडानं दोन्हींची सांगड घातली. हा आवाज म्हणजे शत्रू आला. मग नुसता आवाज ऐकूनच ते आधी कडू व्हायला लागलं. ढेकूण गेले, आई गप्प झाली, की पुन्हा गोड. म्हणून तर त्याला फुलं यायची. आमची चकती आहे ना, ती बोलायची थांबतच नाही.”

“म्हणजे झाडाला तिचा आवाज आठवतोय?”

“आठवतोय.”

अप्पांनी घास खाली ठेवला. “मग माझी नक्कल वाईट आहे, एवढाच प्रश्न आहे का?”

तेवढाच होता. दुसऱ्या दिवशी दोघं आईचे जुने व्हिडिओ काढून बसले. आईचे व्हिडिओ ढीगभर होते. तिनं काही दिवस लोणच्या-मसाल्यांचं चॅनेलही चालवलं होतं. पण आईची एक खोड होती. समोर कॅमेरा आला की ती एकदम पाठ्यपुस्तकात जायची. “नमस्कार. आज आपण कैरीचे लोणचे कसे घालावे, ते पाहणार आहोत. प्रथम कैऱ्या स्वच्छ धुऊन घ्याव्यात.” ऋजुता लहान असताना एका व्हिडिओत मागून पातेलं उलटं करते, तर आई कॅमेऱ्याकडे बघत म्हणते, “बाळा, असे करू नये.” व्हिडिओ बंद झाल्यावर तिनं काय केलं होतं, ते ऋजुताच्या पाठीला चांगलं आठवत होतं.

सगळे व्हिडिओ झाडाला ऐकवले. आकडा जागचा हलला नाही. ही कोण बाई, असा झाडाचा चेहरा.

“आजारी होती तेव्हाचेही बघ,” अप्पा म्हणाले.

तेही बघितले. हॉस्पिटलातल्या खाटेवर बसून आई शांतपणे, शुद्ध भाषेत, सगळ्यांचे आभार मानत होती. ऋजुतानं मधेच बंद केलं.

मग तिनं कृत्रिम आवाजाचा नाद केला. व्हिडिओ टाकले की त्या माणसाचा हुबेहूब आवाज काढून देणारी सोय होती. आईचा आवाज तयार झाला. ऋजुतानं तिला म्हणायचं वाक्य दिलं. मोबाईलमधून आई, अगदी आई, गोड स्वरात म्हणाली, “क्षमस्व. मी कोणत्याही सजीवाविषयी अपमानास्पद उद्गार काढू शकत नाही. आपण त्याऐवजी ‘प्रिय कीटकांनो, पुन्हा स्वागत आहे’ असे म्हणू शकतो.”

ऋजुतानं मोबाईल पालथा घातला.

“एवढी चांगली नव्हती ती,” अप्पा म्हणाले, आणि डोळे पुसत हसायला लागले. ऋजुताही हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं, की अप्पा थांबलेत आणि भिंतीकडे बघताहेत.

“काय झालं?”

“तुला एक सांगितलं नव्हतं,” अप्पा म्हणाले. “तुझ्या आईनं शपथ घातली होती.”

*

अप्पा चिंचोली फाट्याच्या स्थानकावर होते तेव्हाची गोष्ट. तिथं सगळ्या घोषणा रेकॉर्ड करून आपोआप वाजवायच्या असं ठरलं. पण उद्घोषकाच्या खोलीत बाजूच्या रसवंतीच्या घुंगरांचा आवाज यायचा. म्हणून अप्पांनी घोषणा घरीच, बाल्कनीत बसून रेकॉर्ड केल्या. शेजारी आई जास्वंदीचं बघत होती. तिला बजावलं होतं, बोलायचं नाही. ती बोलली नाही. तेवढ्यात तिला पानामागं पुंजका दिसला.

“मग? ती घोषणा पुन्हा नाही केली?”

“मला कानाला लावायचं ते यंत्र होतं ना, त्यात माझाच आवाज घुमत होता. कळलंच नाही. तशीच गेली. पहिल्या दिवशी स्टँडवर वाजली तेव्हा मी चहा पीत होतो. चहा नाकातून आला.”

“काढून नाही टाकली?”

“काढणारच होतो. पण लोक…” अप्पा थांबले. “तांबोळीला विचार. तो अजून आहे तिथं.”

तांबोळीचाचा म्हणजे चिंचोलीचे वाहतूक नियंत्रक, अप्पांचे जुने सोबती. फोन लागला. “भिंगारेसाहेब! अहो, वाजतीय की अजून! थांबा, नाशिक गाडी शिरतीच आहे. ऐका!” त्यांनी फोन भोंग्याकडे धरला.

फोनमधून अप्पांचा वीस वर्षांपूर्वीचा आवाज लख्ख आला. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. नाशिकहून येणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर येत आहे.”

आणि मग काहीच नाही. इस्त्री मारल्यासारखी गुळगुळीत शांतता.

“ऐकलं?” तांबोळीचाचा खूश होऊन ओरडले.

“चाचा, फक्त अप्पांचं ऐकू आलं.”

“असं कसं? वैनी एवढ्या जोरात बोलल्या!”

चाचांनी रेकॉर्ड करून पाठवलं. पुन्हा तेच. मूळ फाईल मागावी तर ती भोंग्याच्या डबीत कायमची बसलेली, बाहेर काढायची सोय नाही. ऋजुतानं स्वतःचा मोबाईल, ऑफिसचा मोबाईल, दाभाड्यांचाही मोबाईल तपासला. हल्लीचे सगळे फोन तसेच. मुख्य बोलणारा कोण ते हेरतात आणि मागचा गोंगाट पुसून टाकतात. आणि तो पर्याय बंद करता येत नाही, कारण गोंगाट कुणाला हवा असेल, हे कंपन्यांना सुचलं नव्हतं.

आई गोंगाट होती. जगातल्या झाडून साऱ्या यंत्रांचं याबाबत एकमत होतं.

“मग आवाज इकडे येत नाही,” अप्पा उठले. “प्रवाशांनी आवाजाकडे जावे.”

*

ढेकूण लागलेलं झाड शहराबाहेर नेणं हा गुन्हा होता. त्यात ऋजुता चाहूल कंपनीची नोकर. पकडली गेली असती, तर नोकरी गेली असती आणि झाड तिथल्या तिथं भट्टीत गेलं असतं. तिनं जास्वंदीला आईची जुनी सुती साडी गुंडाळली, वर पदरासारखं टोक ओढलं आणि कुंडी मांडीवर घेऊन लाल गाडीत खिडकीशी बसली. अप्पा शेजारी, हातात मापक.

कंडक्टर आला. त्यानं साडीकडे पाहिलं.

“कोण आहे?”

“आजारी आहे,” अप्पा म्हणाले.

“तोंड झाकलंय ते?”

“उजेड सोसत नाही.”

कंडक्टरनं साडीतून डोकावणाऱ्या पानाकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं, आणि यंत्राची बटणं दाबली. “दोन पूर्ण, एक ज्येष्ठ नागरिक.”

“ज्येष्ठ मी आहे.”

“मग तुमचं अर्धं, त्यांचं अर्धं. चिंचोली ना? उतरताना जपून, धक्का बसतो.”

चिंचोली फाटा जवळ आला तशी गाडीत हालचाल सुरू झाली. पिशव्या निघाल्या. पुढच्या बाकावर एक पोरगा मान टाकून झोपला होता, दूर कुठंतरी नोकरीला असावा, बुटांवर परप्रांतातली धूळ. तो उठून बसला आणि खिडकीची काच सरकवून त्यानं डोकं बाहेर काढलं. त्याच्या मागच्या बाईंनीही काच उघडली. मग सगळ्यांनीच. ऋजुताला कळेना, काय बघताहेत.

कुणी काही बघत नव्हतं.

गाडी स्थानकात वळली. पत्र्याखालचा भोंगा खरखरला. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. नाशिकहून येणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर येत आहे.” आणि त्याच्या मागोमाग, बांगड्यांच्या आवाजासकट, पोटातून आलेल्या संतापानं:

“मेल्यांनो! परत आलात होय! एकेकाला अंघोळ घालते आता!”

“आलो, आलो!” सगळी गाडी एका सुरात ओरडली. झोपलेला पोरगा सगळ्यांत मोठ्यानं.

ऋजुता कुंडी घट्ट धरून बसून राहिली. वर्षभर ती आईला व्हिडिओत शोधत होती, आणि आई इथं, परक्या गावातल्या धुळीत, उतरणाऱ्या प्रत्येकाला रागावत उभी होती.

“काढून टाकणार होतो आम्ही,” तांबोळीचाचांनी नंतर चहा देताना सांगितलं. “गावकऱ्यांनी मोर्चा आणला. म्हणाले, परगावाहून आलं की आई असंच म्हणायची. आता ज्यांच्या घरी म्हणणारं कुणी राहिलं नाही, त्यांनी काय करायचं? ती बाई राहू द्या.” चाचा अप्पांकडे वळले. “वैनी एकदा तरी यायला हव्या होत्या, साहेब.”

“लाजायची. म्हणायची, सगळं गाव ओळखेल मला.”

“ओळखलंच असतं,” चाचा म्हणाले.

मापकाचा आकडा आता ताडकन उडाला होता. अप्पांच्या नकलेला तो कुशीवर वळला होता, इथं अंथरूण फेकून उभा राहिला. ऋजुतानं कुंडी भोंग्याखाली, फलाट दोनच्या खांबाशी ठेवली. दोघं चाचांच्या घरी उतरले. नाशिकच्या गाड्या येत राहिल्या, आई रागावत राहिली, जास्वंद कडू होत राहिली. पुंजके सैल झाले. सोंडा सुटून ढेकूण टपाटपा खाली पडायला लागले. फटीतून निघालेली पिल्लं पहिल्याच घोटाला माघारी फिरली. स्थानकावरची माणसं येता जाता विचारायची, “किती राहिले?” फळवाल्यानं तर त्यावर पैजा लावल्या.

अप्पा सुखात होते. खांबाशेजारच्या बाकावर बसायचे आणि प्रत्येक घोषणेला, स्वतःच्या आवाजाच्या शेवटी, मान जरा तिकडे वळवायचे. शेजारी कुणी बसलंय, अशी.

पण ऋजुता मापक बघत होती. आणि तिला काहीतरी दिसायला लागलं होतं, जे अप्पांना सांगावंसं वाटत नव्हतं.

“अप्पा,” ती शेवटी म्हणाली, “आकडा उतरतोय.”

“म्हणजे?”

“ढेकूण कमी झाले ना. आवाज येतो, पण आता चावतं कुणी नाही. झाडाला वाटायला लागलंय की ही उगीचच ओरडते. दर गाडीला थोडं थोडं विसरतंय. असंच ऐकत राहिलं तर…”

“तर तिचा आवाज तिच्या झाडालाही गोंगाट वाटेल,” अप्पा म्हणाले.

ऋजुतानं मान हलवली. अप्पांनी भोंग्याकडे पाहिलं. नाशिक गाडी फाट्यावरून वळताना दिसत होती.

“एकच राहिलाय ना आता?”

एकच होता. सर्वांत वरच्या कळीच्या देठाशी, म्हातारा, पांढरा, एकटा. चाचाही येऊन उभे राहिले. गाडी आत शिरली. आई रागावली. गाडी ओरडली, “आलो, आलो!” ढेकणानं सोंड सोडली, किंचित वळल्यासारखं केलं आणि फलाटावर पडला. चाचांनी टोपी काढली. ऋजुतानं नाक पुसलं. अप्पांनी चाचांच्या खोलीतून माइक आणून ती विनंती केली, जी कुणी ऐकली नाही.

अर्थात, हे घडलेलं नाही, हे आपलं ठरलेलंच आहे.

त्यानंतर अप्पांनी स्वतः कुंडी उचलली. “चल. पुढची गाडी यायच्या आत हिला इथून काढू.”

“तुम्हाला थोडं बसायचं असेल तर मी हिला बाहेर नेते.”

“नको,” अप्पा म्हणाले. “मी बसलो, की मलाही सवय होईल.”

साडीचं टोक त्यांनी झाडाच्या डोक्यावरून ओढून घेतलं, कान झाकावेत तसं.

*

तपासणीची गाडी आली, भिंगं घेऊन माणसं आली, जास्वंदीचं पान न् पान उलटून बघितलं गेलं. शून्य. दाभाड्यांनी फलक पुसला आणि पुन्हा एक नारळ फोडला. जाताना त्यांनी अप्पांना विचारलं, “कसं केलंत?” अप्पा म्हणाले, “समजावून सांगितलं.”

पुढं कळी आली. ती पिवळी पडली नाही. एका सकाळी उमलली, लालभडक, एकेरी पाकळ्यांची, एवढी मोठी की समोरच्या इमारतीतल्या लोकांना आधी कागदाची वाटली. अप्पांनी ती तोडली नाही. गणपतीला बाल्कनीत आणून दाखवली.

पण ऋजुताला माहीत होतं, की झाडाची आठवण ही बरणीतल्या लोणच्यासारखी नसते, की ठेवलं आणि राहिलं. खरा ढेकूण आल्याशिवाय ती उजळत नाही. आणि जगाच्या या भागातला शेवटचा ढेकूण फलाट दोनवर पडला होता. आईचा आवाज आता त्या झाडात कुठंतरी होता, दर दिवसाला जरासा पुसट होत. तो आहे की नाही हे तपासायचं म्हटलं, तर तपासण्यानंच तो झिजणार होता. म्हणून दोघांपैकी कुणीही बाल्कनीत आवाज चढवत नसे. अप्पा आता “आमटी लागली आहे का?” हेसुद्धा कुजबुजत विचारत.

त्या दिवसांत ऋजुताच्या हातून काही घरांत चकत्या बसवायच्या राहून गेल्या. एका आजोबांचा मोगरा, एका मास्तरणीची शेवंती. विसरली असेल. कामाचा ताण होता. एक मुंगी दोनदा त्या बाजूला जाताना दिसली, पण तिचंही काही खरं नाही, ती शहरात नव्हतीच.

मग एका रविवारी अप्पा चष्मा लावून बसले, ऋजुतानं टाईप केलं, आणि दोघांनी मिळून अर्ज पाठवला. प्राधिकरणाकडून अद्याप पोचही आलेली नाही. अर्ज असा:

प्रति,
मा. संचालक, नागरी कीडनिर्मूलन प्राधिकरण.

विषय: पिठ्या ढेकूण (जिवंत) परत मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आमच्या राहत्या घरी कै. सौ. वैजयंती शशिकांत भिंगारे यांची एक जास्वंद असून तिच्यामध्ये सदर कैलासवासी यांचा आवाज शिल्लक आहे. तो टिकण्यासाठी दरवर्षी थोडे पिठ्या ढेकूण लागतात. आपल्या कार्यालयाने ते समूळ नष्ट केले असल्याने आमची अडचण झाली आहे. तरी आपल्या प्रयोगशाळेत नमुन्यादाखल राखून ठेवलेल्यांपैकी मूठभर आम्हांस द्यावेत. त्यांच्या आंघोळीची व्यवस्था आम्ही करू.

मेल्यांना परत येण्याची तरतूद प्रचलित नियमांत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. तरी कृपया नियमात योग्य ती दुरुस्ती करून मेल्यांना वर्षातून एकदा परत येऊ द्यावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
शशिकांत भिंगारे, ऋजुता भिंगारे